मॅजिक किंगडमचा दस्तुरी नाका

आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा त्यांना ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम दाखवायला नेलं होतं. हमरस्ता सोडला, डिस्नेच्या जांभळ्या-लाल पाट्या सुरू झाल्या, टोल नाक्यासारख्या खिडकीवर पार्किंगचे पैसे भरले आणि एका अफाट डांबरी मैदानात गाडी लावली. आईने पर्स खांद्याला अडकवली, केस सारखे केले आणि विचारलं, "कुठाय रे महाल?"

महाल नव्हता. गाड्याच गाड्या होत्या आणि माणसं सगळी एकाच दिशेने चालली होती. मी म्हटलं, "अजून ट्राम आहे, मग बॅगांची तपासणी, मग बोट." आई थांबलीच. "मग आपण आलो कुठे?"

त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. आता एका शब्दात देतो: दस्तुरीला. माथेरानला जाताना गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि पुढचं अंतर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून शटल गाडीने काटायचं, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. मॅजिक किंगडमचा हिशेब तोच आहे. तिथल्या दस्तुरीचं नाव 'ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर', बोलताना 'टीटीसी'. सर्वसामान्य गाड्यांचं पार्किंग इथे आणि उद्यानाचं दार इथून साधारण मैलभर लांब, एका मोठ्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर. माथेरानला वाहनबंदी आहे म्हणून उतरावं लागतं. इथे मात्र मधलं तळं माणसांनी मुद्दाम खणलेलं आहे.

हे 'मुद्दाम' कळलं की बाकीचा सगळा गुंता सुटतो, म्हणून आधी तेच.

वॉल्ट डिस्नेचं पहिलं उद्यान, डिस्नेलँड, १९५५ साली कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला उघडलं. संत्र्यांच्या बागांची १६० एकर जागा, त्यात उद्यान आणि उद्यानाच्या दारासमोरच गाडीतळ. गर्दी तुफान झाली आणि मग आपल्याकडे कुठल्याही देवस्थानाबाहेर होतं तेच तिथे झालं. आसपासच्या जमिनींवर भराभर मोटेल उभी राहिली, दिव्यांच्या भडक पाट्या लागल्या. आत परीकथा आणि भिंतीपलीकडे बाजार. विकत घ्यायला जमीन शिल्लक नव्हती आणि होती तिचा भाव भलताच वाढला होता. हे वॉल्टला फार खुपलं. म्हणून फ्लोरिडात त्याने उलट टोक गाठलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून, खरा गिऱ्हाईक कोण हे कळू न देता, सत्तावीस हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. म्हणजे शंभर चौरस किलोमीटरच्या वर. वॉल्ट डिसेंबर १९६६ मध्ये गेला. थोरला भाऊ रॉय याने काम पुरं केलं आणि १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं.

इतकी जमीन हाताशी असताना उद्यान रस्त्याला लागून बांधायची गरजच उरली नव्हती. ते जमिनीच्या उत्तर टोकाला नेऊन ठेवलं. पण ही जमीन म्हणजे बरीचशी दलदल. नैसर्गिक असं 'बे लेक' नावाचं एक तळं तिथे होतं, त्याला लागून दुसरं तळं खणलं, ते सेव्हन सीज लगून. खणलेली माती उद्यानाच्या जागेवर घातली. या भरावाखाली एक गंमत दडलेली आहे. कर्मचाऱ्यांना ये-जा करायला, कचरा हलवायला, सामान न्यायला भुयारी रस्ते हवे होते, पण फ्लोरिडात चार फावडी मारली की पाणी लागतं. मग त्यांनी 'भुयारं' जमिनीवरच बांधली आणि त्यांच्यावर मातीचा भराव घालून वर उद्यान उभारलं. म्हणजे आपण दारातून आत शिरून मेन स्ट्रीटवरून चालतो तेव्हा खरं तर पहिल्या मजल्यावर असतो.

तळ्याने अशी माती दिली आणि पडदाही दिला. गाडी, डांबर, किल्ल्या, ऊन हे सगळं अलीकडच्या काठावर टाकून यायचं. पलीकडे सिंड्रेलाचा १८९ फुटी महाल आधी अंगठ्याएवढा दिसतो आणि बोट पुढे सरकते तसा वाढत जातो. (१८९च का, तर २०० फूट झाले असते तर विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागला असता आणि परीच्या महालावर लाल दिवा कुणालाच नको होता.) दारापर्यंतचा प्रवास हा त्यांच्या लेखी खेळाचा पहिला अंक आहे. पैसे भरून आलेल्या आणि मागे रडणारं पोर असलेल्या बापाला तो तसा वाटेलच असं नाही, हे मान्य.

आता प्रत्यक्ष टप्पे बघू.

पहिला टप्पा पार्किंगच्या खिडकीचा. साध्या गाडीचा दर २०२३ च्या ऑक्टोबरात २५ डॉलरवरून ३० झाला. तो अधूनमधून वाढतच असतो, तेव्हा निघायच्या आधी पाहून घ्यावा. जास्त पैसे भरले तर पुढच्या रांगांमध्ये जागा मिळते, त्याला 'प्रिफर्ड' म्हणतात. पण या पैशांनी वाचते ती फक्त गाडीपासून टीटीसीपर्यंतची चाल. तळं तुम्हालाही ओलांडायचंच असतं. माझ्या मते आजी-आजोबा बरोबर नसतील तर हा खर्च वाया. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलेल्यांना उद्यानांचं पार्किंग फुकट असतं. आणि एकदा भरलेले पैसे त्या दिवसापुरते डिस्ने वर्ल्डच्या चारही उद्यानांना चालतात, म्हणून पावती जपून ठेवायची.

पुढे हातात काठ्या घेतलेली माणसं गाडी कुठे घालायची ते दाखवतात. इथे आपला भारतीय स्वभाव उफाळून येतो. समोर एक सावलीतली रिकामी जागा दिसते आणि वाटतं, तिथे घालू की. घालू देत नाहीत. बारा हजारांहून जास्त गाड्यांची जागा आहे आणि ती ओळीने, एकेक रांग पूर्ण करत भरली जाते. त्यामुळे गाड्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत आणि ट्रामला एकाच ठिकाणी भरभरून माणसं मिळतात. या शिस्तीचा आणखी एक फायदा आहे, तो रात्री कळतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

मैदानाचे दोन भाग आहेत, एक नायकांचा आणि एक खलनायकांचा. प्रत्येकात पात्रांच्या नावाचे विभाग. इकडे सिंबा, अल्लादीन, वुडी, तिकडे स्कार, जाफर, उर्सुला. विभागाचं नाव आणि रांगेचा आकडा, दोन्ही लक्षात ठेवायचे. पाटीचा फोटो काढणं सगळ्यात सोपं. गाडी भाड्याची असेल तर तिच्या नंबर प्लेटचाही काढा, कारण भाड्याच्या पांढऱ्या गाड्या तिथे पाखरांच्या थव्यासारख्या असतात आणि आपली कुठली हे रात्री अकराला आठवत नाही.

मग ट्राम. उघड्या डब्यांची, मैदानातून फिरणारी. कोविडच्या काळात मार्च २०२० मध्ये बंद पडली होती, मॅजिक किंगडमला ती डिसेंबर २०२१ मध्ये परत सुरू झाली. बाबागाडी असेल तर घडी करून चढावं लागतं. म्हणजे झोपलेलं बाळ उचला, पिशव्या काढा, घडी घाला, दोन मिनिटांनी पुन्हा उलगडा. गाडी जवळच्या रांगेत लागली असेल तर सरळ ढकलत चालत जाणं बरं.

टीटीसीला पोचलं की सुरक्षा तपासणी. पूर्वी ही उद्यानाच्या दाराशी असायची, आता तळ्याच्या अलीकडेच उरकतात. त्यामुळे दारावरची झुंबड बरीच कमी झाली आहे. छत्री आणि चष्म्याची डबी ही तिथे हमखास थांबवणारी जोडी. यंत्राला त्या संशयास्पद वाटतात. त्या बॅगेतून काढून हातात धरून चालायचं, पुढे निघून जाता येतं.

आणि आता खरा निर्णय: मोनोरेल की बोट?

मोनोरेल म्हणजे मुंबईत २०१४ साली चेंबूरहून वडाळ्याला धावू लागली त्याच जातीची. एकाच काँक्रीटच्या तुळईवर मांडी घालून बसलेली गाडी. इथली सहा डब्यांची आहे आणि एका खेपेत साधारण ३६० माणसं नेते. टीटीसीहून तळ्याला वळसा घालणारे दोन मार्ग आहेत. 'एक्स्प्रेस' थेट उद्यानाला नेते. 'रिसॉर्ट' वाटेतल्या हॉटेलांना थांबते: टीटीसी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, मग मॅजिक किंगडम, मग कंटेम्पररी आणि परत टीटीसी. कंटेम्पररी हॉटेलच्या तर पोटातूनच गाडी जाते, खाली लोक जेवत बसलेले दिसतात. तिसरा मार्ग टीटीसीहून एपकॉट या दुसऱ्या उद्यानाला जातो.

बोट म्हणजे फेरीबोट, दोन मजली, सुमारे ६०० माणसं घेणारी. दोन्ही टोकांना सारखीच, त्यामुळे धक्क्याला लागल्यावर वळावं लागत नाही, आली तशी उलटी निघते. एका बोटीला ॲडमिरल ज्यो फाउलरचं नाव आहे, एकीला जनरल ज्यो पॉटरचं. फाउलर नौदलातून निवृत्त होऊन डिस्नेलँडच्या बांधकामावर आले होते. पॉटर पनामा कालव्याच्या प्रदेशाचे गव्हर्नर होते. दलदलीतून पाणी काढून गाव वसवायचं तर पनामाचा माणूस आणायचा, हे फार शहाणपणाचं.

लवकर कोण नेतं? इथे लोक हमखास चुकतात, कारण ते रांगेची लांबी बघतात. बघायचं असतं ते रांग किती वेगाने गिळली जाते ते. समजा मोनोरेल दर पाच मिनिटांनी सुटते आणि बोट दर बारा मिनिटांनी. तासाला मोनोरेलच्या बारा खेपा, चार हजारांहून जास्त माणसं. बोटीच्या पाच खेपा, तीन हजार. म्हणजे सगळं सुरळीत असताना मोनोरेल पुढे. पण मोनोरेलच्या गाड्या एकाच तुळईवर एकामागून एक असतात. पुढची अडली की मागच्या सगळ्या अडतात आणि एखादा उंबरठ्यावर रेंगाळला तरी साखळी हलते. बोटीला मागे-पुढे कुणी नसतं. शिवाय बोटीचा खरा गुण वेगळाच आहे. ती सहाशे माणसं एकदम उचलते. धक्क्यावर कितीही भयंकर गर्दी दिसो, तुम्ही पहिल्या सहाशेत असाल तर पुढच्याच बोटीत आहात. मोनोरेलला तीच गर्दी दोन खेपांत जाते आणि जिना किंवा उतार चढून फलाटावर पोचायचं ते वेगळंच.

म्हणून आमच्या घरचा नियम असा: सकाळी मोनोरेलची रांग उताराच्या खालपर्यंत आली असेल आणि समोर बोट लागलेली असेल, तर बोट. बोट नुकतीच सुटली असेल तर मोनोरेल. आणि पहिल्यांदा येणारं कुणी बरोबर असेल तर घड्याळ न बघता बोट, वरच्या मजल्यावर, पुढच्या कठड्याशी. आकाशात विजा चमकायला लागल्या की बोटी थांबतात. फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी हे रोजचंच.

चालत जाता येतं का? येतं. टीटीसीहून पॉलिनेशियन, तिथून ग्रँड फ्लोरिडियन आणि तिथून पुढे उद्यानापर्यंत पायवाट आहे. चाळीसेक मिनिटं लागतात. आत गेल्यावर दिवसभर पायपीटच करायची आहे हे लक्षात घेता, मोनोरेल बंद पडली तरच हा विचार करावा.

ज्येष्ठांना घेऊन जाताना एक गोष्ट आधीच ठरवावी. व्हीलचेअर मोनोरेलमध्ये आणि बोटीत बसल्या जागी आत जाते, अडचण ट्रामची आहे. तिथे खुर्ची घडी करून माणसाला पायरी चढावी लागते. अपंगांसाठीची वेगळी पार्किंग जागा टीटीसीच्या जवळच असते, गाडीत तसं परवानापत्र असेल तर खिडकीवरच सांगायचं. नसेल तर मी करतो ते करा: टीटीसीच्या दाराशी गाड्या थांबायच्या जागी आई-बाबांना एकाच्या सोबतीने उतरवायचं आणि मग एकट्याने पार्किंगला जायचं. आईच्या भाषेत, "तुझं तू ये सावकाश, आम्ही बसतो बाकावर."

आता आडवाटा. डिस्नेच्या हॉटेलांच्या बस टीटीसीला न थांबता थेट मॅजिक किंगडमच्या दाराजवळ सोडतात. ट्राम नाही, तळं नाही. डिस्नेच्या महागड्या हॉटेलांच्या भाड्यात लोक नक्की कशाचे पैसे भरतात, याचं अर्धं उत्तर या बसमध्ये आहे. जाताना कंटेम्पररीजवळ रस्ता एका जलसेतूखालून जातो, दोन तळी जोडणारं पाणी आणि बोटी वर, गाड्या खाली. मुलांना आधी सांगून ठेवा, नाही तर कळायच्या आत निघून जातं. उबर किंवा लिफ्ट (Lyft) या ॲपवरच्या टॅक्सीने आलात तर ती टीटीसीलाच सोडते, म्हणजे पार्किंगचे पैसे वाचले, तळं वाचलं नाही. कंटेम्पररीला उतरलात तर तिथून उद्यानाचं दार दहा मिनिटांच्या चालीवर आहे. पण त्या हॉटेलच्या फाटकावर आरक्षण विचारतात, खोलीचं किंवा जेवणाचं. सकाळच्या न्याहारीचं टेबल खरोखर घेतलं असेल तर सोन्याहून पिवळं. खोटं सांगून शिरायचा प्रयत्न करू नका, गर्दीच्या दिवशी गोड हसून परत पाठवतात.

वेळेचं गणित उलटं मांडायचं. उद्यान नऊला उघडणार असेल तर डिस्नेच्या हॉटेलातल्यांना साडेआठलाच आत घेतात. पार्किंगच्या खिडकीपासून दारापर्यंत पाऊण ते एक तास धरा. तेव्हा नऊला दारात उभं राहायचं असेल तर आठच्या आधी खिडकीवर हवं. "नऊला उघडतंय ना, मग साडेआठला पोचू" म्हणणारे लोक साडेनऊला आत शिरतात आणि पुढचा दिवसभर त्या अर्ध्या तासाचा पाठलाग करतात.

बाकी उद्यानांना हे सगळं लागत नाही, म्हणूनच लोक गाफील राहतात. एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम या तिन्हींचं पार्किंग दारासमोरच आहे. डिस्नेची प्रतिस्पर्धी कंपनी युनिव्हर्सल हिने ऑर्लँडोतच आपल्या जुन्या उद्यानांसाठी वेगळा मार्ग काढला: बहुमजली पार्किंग आणि तिथून विमानतळासारखे सरकते पट्टे. ॲनाहाइमचं जुनं गाडीतळ शेवटी इतकं मोलाचं झालं की २००१ साली त्याच जागेवर डिस्नेचं दुसरं उद्यान उभं राहिलं आणि गाड्या दहा हजारांच्या बहुमजली इमारतीत गेल्या. आणि टोकियो, पॅरिस, शांघायला तर उद्यानाजवळ रेल्वेचं किंवा मेट्रोचं स्टेशनच आहे. लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटणार.

परतीचा प्रवास मात्र सकाळच्यापेक्षा कठीण. सकाळी माणसं तीन-चार तासांत थोडी थोडी येतात. रात्री आतषबाजी संपली की सगळी एकदम निघतात, गणपती विसर्जनानंतर चौपाटीहून निघावीत तशी. तासाला चार हजार नेणारी मोनोरेल दहा मिनिटांत आलेल्या हजारोंचं काय करणार? रांग लागतेच. त्यावर पहिला उपाय, निघूच नका. मेन स्ट्रीटवरची दुकानं उद्यान बंद झाल्यावरही थोडा वेळ उघडी असतात. आइस्क्रीम घ्या, बाकावर बसा, पाऊण तासाने उठा. दुसरा उपाय फार कमी लोकांना सुचतो. सकाळी रिसॉर्ट मोनोरेल उद्यानाला जाताना वाटेत दोनदा थांबते, पण परतताना उद्यानानंतर फक्त कंटेम्पररी आणि मग टीटीसी. एकच थांबा! एक्स्प्रेसच्या फलाटावर चेंगराचेंगरी असताना ही बऱ्याचदा निवांत असते. मात्र फार गर्दीच्या रात्री ती हॉटेलच्या पाहुण्यांसाठीच राखून ठेवतात.

त्या दिवशी आम्ही रात्री टीटीसीला परतलो तेव्हा पाटीचा फोटो काढायचं मी विसरलोय हे लक्षात आलं. बाबांनी शांतपणे खिशातून छोटी डायरी काढली. गेली चाळीस वर्षं ते पेट्रोलपासून पोस्टाच्या तिकिटापर्यंत सगळं तिच्यात लिहितात. मी आशेने बघितलं. लिहिलं होतं: "सिंह." पुढचा रांगेचा आकडा दुपारच्या पावसात फुटला होता. आता सिंबाही सिंह आणि स्कारही सिंह, एक नायकांच्या मैदानात, दुसरा खलनायकांच्या. आई म्हणाली, "आयाळ कुठल्या रंगाची होती ते आठवा."

ट्रामजवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला मी हे सांगायला लागलो. त्याने सिंहाकडे लक्षच दिलं नाही. विचारलं, सकाळी किती वाजता आलात? गाड्या ओळीने भरतात म्हणून कुठल्या वेळी कुठल्या रांगा भरत होत्या याची नोंद त्यांच्याकडे असते. हा तो रात्रीचा फायदा. (आता डिस्नेच्या ॲपमध्येही गाडीची जागा नोंदवून ठेवायची सोय आहे.) बाबांनी डायरी पुन्हा उघडली, चष्मा वर केला. सिंहाच्या वरच्या ओळीत, पार्किंगच्या पैशांपुढे वेळ लिहिलेली होती: ८.१०. तीन रांगा सांगितल्या. गाडी दुसरीत होती.